परदेशात योगशिबिर: बालीला विद्यार्थी न्यायचे तर

परदेशातल्या शिबिराविषयी योगशिक्षकांची बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इंडोनेशियातले बाली बेट आहे, त्यातही तिथले उबुद हे गाव. म्हणून या वेळी त्याच एका जागेबद्दलचे प्रश्न घेतले.

प्रश्न: वर्गातले बारा-चौदा जण यायला तयार आहेत. फी मी इथेच, रुपयांत घेणार. व्हिसा ऑन अरायव्हलवर गेले तर चालेल ना? (योगशिक्षिका, ठाणे)

विद्यार्थ्यांना चालेल, तुम्हाला नाही. तिथे पोचल्यावर विमानतळावर मिळणारा हा व्हिसा तीस दिवसांचा असतो, फी पाच लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन), आणि निघण्यापूर्वी ऑनलाइनही काढता येतो. पासपोर्ट पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा. त्याशिवाय बालीचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. तोही आधी भरून क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवावा.

अडचण तुमची आहे. पर्यटक म्हणून आत जाऊन मोबदल्यासाठी शिकवणे म्हणजे काम करणे. पैसे ठाण्यात घेतले की बालीची राजधानी डेनपासारमध्ये, याने बचाव होईल असे धरून चालू नका; वर्ग कुठे झाला ते पाहिले जाते. तिथले इमिग्रेशन खाते समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीही बघते. सापडल्यास परत पाठवणी होते आणि पुढच्या प्रवेशावर बंदी येऊ शकते. मग चौदा जण उबुदमध्ये आणि शिक्षक विमानतळावर, असा प्रसंग ओढवेल.

सरळ मार्ग दोन. एक, तिथले परवानाधारक केंद्र किंवा कंपनी यजमान म्हणून घ्या आणि तिच्यामार्फत कामाला लागू पडणारा व्हिसा काढा. हा अर्ज तिथल्या प्रायोजकाशिवाय होत नाही, त्यामुळे तीन महिने हाताशी ठेवा. दोन, वर्ग केंद्राचे शिक्षक घेतील आणि तुम्ही गटासोबत जाल. हे स्वस्त पडते, पण मग जाहिरातीत ‘आमच्या बाईंसोबत सात दिवस साधना’ असे छापू नका. केंद्र निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: ‘परदेशी शिक्षकाचे कागद तुम्ही करता का?’ ‘काळजी नको, सगळे असेच येतात’ असे उत्तर आले तर दुसरे केंद्र बघा.

प्रश्न: फी किती ठेवावी? एकूण खर्च काढून चौदाने भागला तर चालेल का? (वाचक, कोथरूड)

पहिल्या शिबिरात पैसे बुडतात ते बहुधा याच भागाकारात. सहा रात्रींचा नमुना हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा.

माणशी खर्च: दोघांत एक खोली धरून २१,००० रुपये, जेवण १०,८००, गाडी आणि फिरणे ६,२००. मिळून ३८,०००. कितीही जण आले तरी होणारा खर्च: यजमान कंपनी आणि कागदपत्रे ८०,०००, तुमचे तिकीट, खोली, जेवण ८५,०००, सभागृह आणि साहित्य ३०,०००, अडीअडचणीसाठी २५,०००. मिळून २,२०,०००. वर तुमचे मानधन १,००,०००.

आता ३,२०,००० ला चौदाने भागून ३८,००० मिळवले की साधारण ६१,००० येतात. हा आकडा जाहीर केला आणि आठच जण आले, तर जमा ४,८८,००० आणि मानधन न धरताही खर्च ५,२४,०००. म्हणजे आठवडाभर शिकवून ३६,००० रुपये पदरचे.

त्याऐवजी फी ७५,००० ठेवा. प्रत्येकामागे ३७,००० उरतात. सहा जणांत खर्च निघतो, नऊ जणांत मानधनही. नऊ नावे पैशांसकट आल्याशिवाय केंद्राला मोठी रक्कम पाठवू नये. व्हॉट्सॲपवरचे ‘मी नक्की येणार’ हे नाव धरायचे नाही, निदान २०,००० जमा झाले तरच धरायचे. विमानतिकीट ज्याचे त्याने काढावे. फक्त कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत पोचायचे ते लेखी द्या, नाहीतर विमानतळावर पाच वेळा गाडी पाठवावी लागेल.

करांचेही बघा. निवास-प्रवास-जेवण एकत्र विकले की ते परदेशी सहलीचे पॅकेज ठरते, आणि त्यावर ग्राहकाकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) गोळा करून भरावा लागतो. त्याचे दर अलीकडे वारंवार बदलले आहेत, म्हणून नोंदणी उघडण्यापूर्वी सीएकडून चालू दर घ्या. जीएसटी नोंदणीसाठी महाराष्ट्रात सेवांची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे, आणि ती उलाढालीवर मोजतात, नफ्यावर नाही. ७५,००० प्रमाणे चौदा जणांचे साडेदहा लाख होतात. वर्षात दोन शिबिरे आणि शहरातले नेहमीचे वर्ग मिळून तुम्ही ती ओलांडलीच म्हणून समजा.

प्रश्न: केंद्राचे फोटो सुरेख आहेत. प्रत्यक्ष काय तपासावे? (अय्यंगार पद्धतीचे शिक्षक, पुणे)

फोटोत भिंत दिसते का, ते आधी बघा. उबुदमधल्या कितीतरी साधनागृहांना चारही बाजूंनी भिंतच नसते. वर गवताचे छप्पर आणि कडेला खांब. भातशेती छान दिसते, पण तुमच्या विद्यार्थ्यांना विपरीत करणीला पाय टेकायला, शीर्षासनाला आधार घ्यायला भिंत लागणार. दोरांसाठीचे हुकही नसतात. खुर्च्या, लोड, ठोकळे, पट्टे, घोंगड्या यांची मोजून यादी मागवा. ‘प्रॉप्स उपलब्ध’ याचा अर्थ कधी कधी चौदा ठोकळे आणि दोन लोड एवढाच असतो.

जागा माणशी चार चौरस मीटर धरा. चौदा विद्यार्थी आणि तुम्ही म्हणजे साठ चौरस मीटर. ‘वीस जण बसतात’ असे सांगणाऱ्याने चटईला चटई लावून मोजलेले असते. त्रिकोणासनात हात पसरले की शेजाऱ्याला लागतील. शेजारी बांधकाम चालू आहे का, तेही विचारा. उबुदभोवती ते सतत चालू असते. सकाळी आठ वाजताचा व्हिडिओ, आवाजासकट, मागवा.

आणि पलंग! बालीतल्या व्हिलांत बहुतेक खोल्यांत एकच मोठा पलंग असतो. आपल्या गटात एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बायका एका खोलीत आल्या की पहिल्याच रात्री तुम्हाला फोन येतो. करारात ‘दोन स्वतंत्र पलंग’ असे खोलीगणिक लिहून घ्या. गटाची संख्या विषम झाली तर एकट्या खोलीचा फरक कोण भरणार, हेही नोंदणीच्या अर्जातच असू द्या.

प्रश्न: गटात जैन आणि कट्टर शाकाहारी आहेत. बालीत सगळीकडे व्हेगन जेवण मिळते म्हणतात. (वाचक, सोलापूर)

मिळते, पण ‘शाकाहारी’ म्हणून पुढे आलेल्या ताटात कोळंबी निघू शकते. सांबाल या तिखट चटणीत बहुधा तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. नासी गोरेंग या परतलेल्या भातातही तो पडतो, वर अंडे. पापडासारखे दिसणारे कुरकुरीत कृपुक बरेचदा कोळंबीचेच असतात. स्वयंपाक्याला ‘व्हेज’ एवढेच सांगून भागत नाही. ‘तानपा तेरासी, तानपा इकान, तानपा उदांग, तानपा तेलूर’ म्हणजे तेरासी, मासे, कोळंबी, अंडे नको, हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. जैनांसाठी ‘बावांग’ही नको लिहा, त्यात कांदा आणि लसूण दोन्ही आले. कंद न खाणाऱ्यांसाठी बटाटा, गाजर वेगळे सांगावे लागेल.

तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू रोज दोनदा आले की चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण निघतेच. दोन किलो मूगडाळ, हिंग, जिरे, हळद सोबत न्या, पण दुकानातल्या बंद, लेबल असलेल्या पाकिटांत. आयुर्वेदिक चूर्णांचेही तसेच. अमली पदार्थांचे कायदे तिथे अतिशय कडक आहेत. पुरचुंडीतल्या हिरव्या भुकटीचा खुलासा कस्टमच्या टेबलावर करण्याची हौस नको.

प्रश्न: दिनक्रम कसा ठेवावा? शुद्धिक्रिया घ्याव्यात का? (योगशिक्षक, नाशिक)

बालीचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. तिथले सकाळचे सहा म्हणजे शरीराच्या हिशोबाने पहाटेचे साडेतीन. पहिल्या सकाळी साडेसातला हलका वर्ग घ्या, तिसऱ्या दिवसापासून सहा. दिवसाला दोन वर्ग, मिळून साडेतीन तास पुरेत. दमट हवेत घाम फार जातो, त्यामुळे भस्त्रिका आणि जलद सूर्यनमस्कार सकाळीच उरका. संध्याकाळी उघड्या साधनागृहात डास येतात आणि डेंग्यूचा धोका असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम यादीत टाका. एक दुपार पूर्ण मोकळी ठेवा. ती ठेवली नाही तर लोक ती वर्ग बुडवून घेतात.

शंखप्रक्षालन, म्हणजे मीठपाणी पिऊन आतडी धुणे, तिथे नकोच. उष्ण हवा, नवे पाणी, आणि पोट बिघडले तर कशाने बिघडले हे कळणार नाही. जलनेती, म्हणजे मीठपाण्याने नाक धुणे, घेता येईल, पण नळाच्या पाण्याने कधीही नाही. नाकावाटे गेलेल्या दूषित पाण्यातला अमिबा मेंदूपर्यंत पोचू शकतो. हा आजार दुर्मीळ आहे, पण झाल्यास बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा मीठ. पात्र ज्याचे त्याने आणावे.

प्रश्न: तारखा कोणत्या टाळाव्यात? रद्द झाले तर काय? (योगशिक्षिका, मडगाव)

साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा; मे, जून, सप्टेंबर उत्तम. न्येपी मात्र बघून ठेवा. हे बालीचे शकवर्षाचे नववर्ष, बहुतेक वर्षी आपल्या पाडव्याच्या आगेमागे येते (२०२५ मध्ये २९ मार्चला न्येपी, ३० मार्चला पाडवा). त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो आणि कोणालाही रस्त्यावर येता येत नाही. मौनाच्या शिबिराला याहून चांगला दिवस नाही, पण ये-जा त्यावर टाकू नका.

ज्वालामुखीच्या राखेनेही विमाने अडतात: २०१७ मध्ये बालीतल्याच आगुंगमुळे, २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीमुळे. म्हणून प्रवासविमा सक्तीचा ठेवा, आणि त्यात नैसर्गिक आपत्तीमुळे रद्द होणारे उड्डाण आणि वैद्यकीय स्थलांतर (रुग्णाला उपचारासाठी दुसरीकडे हलवणे) दोन्ही आहेत का ते पॉलिसीत वाचा. स्कूटर चालवणाऱ्याकडे दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमा कंपनी अपघाताचा दावा नाकारू शकते, हे पहिल्याच बैठकीत सांगा. बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा किंवा उबुदच्या माकडवनातले माकड चावले तर जखम पंधरा मिनिटे साबणपाण्याने धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

परताव्याच्या तारखा केंद्राच्या करारावरून ठरवा, आणि तुमची तारीख त्यांच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची ठेवा. केंद्र ४५ दिवस आधीपर्यंत पैसे परत देत असेल तर विद्यार्थ्यांना ६० दिवस सांगा. मधल्या पंधरवड्यात प्रतीक्षायादीतून माणूस मिळवता येतो.