कॅरो-कानसाठी कोणते पुस्तक घ्यावे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात आठवीत शिकते आणि बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान बचाव (पांढऱ्याच्या पहिल्या ई४ चालीला सी६ असे उत्तर देणारी सुरुवात) खेळते. आम्ही दोन इंग्रजी पुस्तके पाहिली आहेत. एका जाडजूड पुस्तकात उपप्रकारांचे, म्हणजे चालींच्या वेगवेगळ्या क्रमांचे, तक्ते आहेत, तर दुसऱ्यात निवडक संपूर्ण डाव स्पष्टीकरणासह दिले आहेत. कोणते घ्यावे? – एक पालक, निपाणी

उत्तर : दुसरे घ्यावे, मात्र त्याआधी एक परीक्षा करावी. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ हा प्रकार उघडून पाहावा (क्रमांकापुढे आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; नुसते घराचे नाव म्हणजे प्याद्याची चाल). काळा येथे ई६ खेळण्यापूर्वी उंट एफ५ घरात का काढतो आणि पुढे सी५ खेळून पांढऱ्याच्या डी४ वरील प्याद्यावर दबाव का आणतो, हे लेखकाने शब्दांत सांगितलेले असावे. त्यानंतर ४. एच४ पाहावे. या चालीला सवयीने ई६ असे उत्तर दिले, तर ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ अशा क्रमाने काळ्याचा उंट गमावला जातो. तक्त्यात ही चूक एका ओळीत आटोपते. आपल्या मुलीला मात्र तिचे कारण समजायला हवे, कारण बेळगाव, कोल्हापूर वा सांगलीच्या खुल्या स्पर्धेत समोरचा खेळाडू लवकरच अनपेक्षित चाल करतो आणि तेव्हा प्याद्यांची रचना ओळखता येणेच उपयोगी पडते.

जुनी आवृत्तीही चालेल. १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात तालच्या ३. ई५ ला बोत्विनिकने सी५ हे उत्तर दिले होते आणि ती चाल आजही खेळली जाते. तरीही केवळ जुन्या पुस्तकातील तीव्र, डावपेचांच्या ओळी (चालींचे क्रम) स्पर्धेपूर्वी संगणकावर तपासून घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

भाषेची चिंता थोडी कमी करता येईल. चालींच्या नोंदीत इंग्रजी अक्षरांऐवजी मोहऱ्यांची चित्रे छापलेली आवृत्ती निवडावी. ती कोणत्याही माध्यमाच्या मुलाला वाचता येते. स्पष्टीकरणाचे परिच्छेद मात्र आपण तिच्यासोबत पट मांडून वाचावेत आणि प्रत्येक डावानंतर काळ्याचा बेत तिला मराठीतून दोन वाक्यांत वहीत लिहायला सांगावे.