जिप्सी, त्सिगान आणि रोम

एका वाचकाने विचारले आहे : ‘जिप्सी’ हा शब्द इजिप्तवरून आला का? आणि हल्ली त्याऐवजी ‘रोमा’ लिहितात, त्याचा रोम शहराशी किंवा रुमानियाशी काही संबंध आहे का?

पहिल्याचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही. शब्द इजिप्तचा आहे, माणसे मात्र तिथली नव्हेत. पंधराव्या शतकात त्यांचे तांडे पश्चिम युरोपात पोचले तेव्हा म्होरके स्वतःला ‘छोट्या इजिप्त’चे सरदार म्हणवत. १४२७ साली पॅरिसच्या वेशीवर आलेल्यांनीही इजिप्तचेच नाव सांगितले होते. इंग्लंडात त्यांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले, १५३० च्या त्यांच्याविरुद्धच्या कायद्यातही तोच शब्द आहे. पुढे आपल्याकडे ‘अरण्य’चा ‘अ’ गळून ‘रान’ झाले तसा तिकडे ‘इ’ गळला आणि ‘जिप्सी’ उरले. स्पॅनिश ‘हितानो’ही याच वाटेने आला.

युरोपातले दुसरे नाव जास्त बोचणारे आहे. फ्रेंच ‘त्सिगान’, जर्मन ‘त्सिगॉयनर’, हंगेरियन ‘त्सिगान्य’, तुर्की ‘चिंगेने’ ही सगळी एका ग्रीक शब्दाची रूपे. बहुतेक अभ्यासक तो शब्द ‘अथिंगानोई’ या एका पाखंडी ठरवलेल्या पंथाच्या नावाशी जोडतात. ग्रीकमध्ये ‘थिंगानो’ म्हणजे शिवणे आणि आधीचा ‘अ’ आपल्या संस्कृतातल्यासारखाच नकाराचा. म्हणजे न शिवणारे, विटाळ पाळणारे. मराठी वाचकाला या अर्थाचे ओझे वेगळे समजावून सांगायला नको. वालाचिया आणि मोल्दाविया, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागात, हाच शब्द ‘गुलाम’ या अर्थीही चाले. तिथली त्यांची गुलामी १८५५-५६ मध्ये कायद्याने संपली. आणि नाझींच्या आउश्विट्झ छळछावणीत त्यांच्या हातावर गोंदलेल्या क्रमांकाआधी जर्मन ‘त्सिगॉयनर’चे आद्याक्षर असे.

आता त्यांचा स्वतःचा शब्द. ‘रोम’ म्हणजे त्यांच्या भाषेत, रोमानीत, आपल्यातला पुरुष, नवरा. बायकोला ‘रोमनी’. हा शब्द संस्कृत ‘डोम्ब’पासून आला, असे मानले जाते. शब्दारंभीच्या ‘ड’चा त्यांच्याकडे ‘र’ होतो : लाकडी पळीला हिंदीत ‘डोई’, रोमानीत चमच्याला ‘रोय’. त्यांचे भाऊबंद पश्चिम आशियात ‘दोम’ आणि आर्मेनियात ‘लोम’ म्हणवतात. ‘रोमनी’ ही ‘डोम्बिनी’च, आपण कुंभारीण म्हणतो तसा तोच स्त्रीलिंगी प्रत्यय. काश्मीरच्या ‘राजतरंगिणी’त डोम्ब गायक भेटतात, काशीच्या घाटावर चितेचे काम करणारे डोम आहेत आणि मराठीतला ‘डोंबारी’ही याच शब्दकुळातला. शब्द एक म्हणून लोक एक, असे मात्र समजू नये. हजार वर्षांपूर्वी वाटा फुटल्या आहेत.

भारताशी नाते भाषेवरूनच उघड झाले. जर्मन अभ्यासक र्‍यूडिगर यांनी १७८२ साली ते मांडले. मला स्वतःला रोमानीची शब्दयादी पहिल्यांदा वाचताना हात थांबवावा लागला होता. पानी, नाक, कान, मनुष, ‘खेर’ म्हणजे घर, ‘थुद’ म्हणजे दूध. ‘लोन’ म्हणजे मीठ. आपण मीठ म्हणायला लागलो तरी लोणच्यात ते अजून आहे. मुलाला म्हणतात ‘छावो’, अगदी आपला छावा! दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव अशी मोजणी सहापर्यंत ओळखीची, मग सात-आठ-नऊ ग्रीक आणि पुन्हा ‘देश’ म्हणजे दहा. प्रवासाचा रस्ता आकड्यांत उमटला आहे.

लंडनजवळ ऑर्पिंग्टनला एप्रिल १९७१ मध्ये पहिली जागतिक रोमा परिषद भरली. तिथे बाहेरच्यांनी दिलेली नावे नाकारून ‘रोमा’ हे नाव स्वीकारले गेले आणि झेंड्यावर सोळा आऱ्यांचे चाक आले. तरी इंग्लंडातले काही जण आजही अभिमानाने ‘जिप्सी’ म्हणवतात, आणि जर्मनीतले ‘सिंती’ स्वतःला रोमांपासून वेगळे मानतात. त्यांचा शब्द त्यांनीच निवडावा.

मराठीत ‘जिप्सी’ला मनस्वी, मोकळ्या भटकंतीचा गोड वास आहे. तो आपण चिकटवलेला आहे. या लोकांबद्दल लिहिताना मी तो वापरत नाही. ‘भटके’ही नको, कारण त्यांतले बहुसंख्य पिढ्यान्‌पिढ्या एका जागी घर करून राहतात. समाजाला ‘रोमा’, एकाला ‘रोम’, भाषेला ‘रोमानी’ असे लिहावे.