वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, दुपारी न सांगता घराबाहेर पडतात. सांगलीत कमी खर्चात लक्ष कसं ठेवावं?

आधी दाराला चुंबकाचा अलार्म लावा, तो काही शे रुपयांत येतो. त्यानंतरच सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर घ्या. आईसाठी आम्ही हाच क्रम धरला. माणूस उंबऱ्यावरच थांबवता आला तर शोधायची वेळच येत नाही, आणि या अलार्मला ना इंटरनेट लागतं ना मोबाईल. फक्त सेल बदलत राहायचे.

किल्लीला लावतात तसल्या स्वस्त ब्लूटूथ टॅगवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात जीपीएस नसतं, आसपासच्या लोकांच्या फोनवरून तो सापडतो. गणपती पेठेच्या गर्दीत चालेल, उसाच्या फडात शोधून द्यायला तिथं फोन कुणाकडे असणार?

ट्रॅकर घड्याळाचा नको, ते काढून फेकतात. बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाका (धुण्याआधी काढायचं लक्षात ठेवा!). चार्जिंग रात्री न चुकता. एक मर्यादा: स्लॅबखाली किंवा दाट वस्तीत जीपीएस थोडं भलतीकडे दाखवतं. त्यामुळे खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही ठेवा. आणि सापडेनात तर नदीकडची बाजू आधी बघा, 112 ला फोन लगेच करा.