रातांब्याचा रंग सुटतो कसा?

प्रश्न : बाई, आगळ (कोकमाचा खारा रस) करताना रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींना नुसतं मीठ लावते, पाण्याचा थेंब घालत नाही. तरी सकाळी बरणीत लालभडक रस! हा येतो कुठून? (वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : ताई, तो सालीतच असतो, लाखो पेशींत कोंडलेला. प्रत्येक पेशीला बाहेरून सेल्युलोजची भिंत, तिच्या आत तेलकट रेणूंचं दुपदरी पटल. जाडी 7-8 नॅनोमीटर, म्हणजे अशी सव्वा लाख पटलं रचली तेव्हा कुठे एक मिलिमीटर. त्याच्याही आत रिक्तिका, ही पेशीची बरणी समजा. पाणी, आम्ल आणि अँथोसायनिन हा लाल रंग तिच्यात साठतो.

मीठ लावलं की बाहेर खारटपणा वाढतो. पाण्याचे रेणू पटलातून सहज निसटतात, म्हणून आधी पाणी सुटतं. याला परासरण म्हणतात. रंगाचा रेणू मोठा, त्याला पटल अडवतं. पण पाणी गेलं की पेशी आक्रसते, मरते, पटल फाटतं आणि मग रंग, आम्ल सगळंच बाहेर. भिंत तेवढी मागे उरते, म्हणून साल चिवट लागते.

खात्री करायची तर बीट चिरून, धुऊन, एक फोड गार पाण्यात टाका, एक उकळत्या. गार पाणी जेमतेम गुलाबी होईल, उकळतं लालेलाल. तिथे पटल मोडायचं काम उष्णता करते.

माझी आई मात्र म्हणायची, मिठाला रातांब्याची माया आहे. परीक्षेत लिहू नका.