तासाला जाताना पाय जड होतात का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं, सोबतचा कॉलेजच्या राजीनाम्याचा मसुदाही. भाषा झकास आहे. कारणं मात्र दिसेल ते गोळा केल्यासारखी: नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्यांच्या, फायली, प्राचार्यांची बोलणी, इस्लामपूरची रोजची एसटी, रिकामे बाक. यातलं नेमकं काय सोडायचंय तुला?

तासाला जाताना पाय जड होतात का, तेवढं सांग.

तासिका तत्त्वावर, घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, सुखी होते, असं आता म्हणू नकोस. उन्हाळ्यात हातात छदाम नसायचा आणि तू माझ्याकडे येऊन रडायचीस. आज कायम आहेस, मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू झालं. जुनी पेन्शन नाही, मान्य. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची ती गेलीच. ‘सरांना पेन्शन आहे, त्यांना बोलायला काय जातं,’ असं मनात आलं असेल. येऊ दे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला ४० तास काम, त्यात १६ तास शिकवणं. उरलेल्या चोवीसांचं काय होतं, ते मीही बघितलंय. तू पोरांना आयर्विन पुलावर नेलंस, कृष्णेची पातळी कशी वाचायची ते दाखवलंस, २०१९ चा पूर समजावलास. परत आल्यावर पहिला प्रश्न: जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला, काढलात का? तळपायाची आग मस्तकात जाणारच. फोटो दे आणि मोकळी हो. पण त्या वैतागापायी पुलावरचा तास कशाला सोडतेस, पोरी?

पाय जड होतात का? पुन्हा विचारतोय, कारण अख्ख्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही.

मी पीएच.डी. केली नाही, सहयोगी प्राध्यापक न होताच निवृत्त झालो. मागून आलेले पुढे गेले, ते अजून खुपतं. घरचे म्हणतात, हट्ट नडला. नडला असेल. पदासाठी कसाबसा प्रबंध उरकण्यापेक्षा मी वर्गात उभा राहिलो, आणि त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. असो, तो माझा हट्ट. तू पीएच.डी. कर.

पुण्याचा क्लासवाला तिप्पट देतोय ना? मग एक दिवस त्याच्या वर्गात मागे बसून ये. एका वेळी किती पोरं, प्रश्न विचारायला किती वेळ, बघ. तिथे जीव रमला तर खुशाल जा. फक्त सत्र संपल्यावर. एस.वाय.च्या पोरांना मध्येच टाकून गेलीस, तर मला पत्र पाठवायचं नाही.

तुझे सर
सांगली