बंदोबस्ताला निघण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या बंदोबस्तात नाव लागल्याबरोबर तू विचारलंस, गर्दीत नजर कुणावर ठेवायची? त्याआधी लंडनचं १८५१चं प्रदर्शन समजून घे.

हाइड पार्कातला तो काचेचा महाल १ मे रोजी उघडला. साडेपाच महिन्यांत साठ लाख लोक येऊन गेले. तिथले पोलीस कमिशनर होते रिचर्ड मेन. धास्ती होती परदेशी क्रांतिकारकांची, पाकीटमारांची, आणि सगळ्यात जास्त गोरगरिबांची. २६ मेपासून तिकीट एक शिलिंगवर आलं. आता दंगे होणार, असं भल्याभल्यांना वाटलं होतं. मजूर आले ते बायकापोरांना घेऊन. त्यांनी यंत्रं पाहिली आणि सुखरूप घरी गेले. आपला कोहिनूरही तिथे पिंजऱ्यात होता, तो जागचा हलला नाही.

गडबड झाली ती ७ ऑक्टोबरला. त्या दिवशी १,०९,९१५ लोक आले होते. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारे सेनापती, ब्याऐंशी वर्षांचे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आत दिसले. जवळच्यांनी ओळखलं, टोप्या काढून जयजयकार केला. लांबच्यांना दिसलं काहीच नाही, नुसता गलका ऐकू आला. इमारत कोसळतेय असं वाटून ते दारांकडे धावले. ड्यूकना बाहेर काढताना पोलिसांची दमछाक झाली. ही इमारत गर्दीचा भार सोसणार नाही, अशी चर्चा उद्घाटनाआधीच गाजली होती. सज्जांवरून सैनिक चालवून मजबुती तपासावी लागली होती. ती शंका लोकांच्या मनात दबा धरून बसली असणार.

म्हणून माझं सांगणं ऐक. कपड्यांवरून माणूस जोखत बसू नकोस, त्यात अर्धी ड्यूटी वाया जाते आणि गरिबाचा विनाकारण अपमान होतो. पाकीटमारांसाठी साध्या वेशातली माणसं असतात, ते काम त्यांचं. तू आदल्या दिवशी हॉल स्वतः पायी फिर. आणीबाणीचं दार खरंच उघडतं का ते ढकलून पाहा. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, हे नावानिशी डायरीत लिही. स्टेज जिथून दिसत नाही पण आवाज पोचतो, अशा कोपऱ्यांत एकेक खणखणीत आवाजाचा अंमलदार मेगाफोन देऊन उभा कर. व्हीआयपी यायच्या आधी वायरलेसवरून पहिली खबर त्यालाच जाऊ दे. "मंत्री आलेत, टाळ्या चालू आहेत, सावकाश चला," एवढं त्याने लोकांना सांगितलं तरी पुरे.

बंदोबस्ताची स्कीम हातात आली की फोन कर. हॉलचा नकाशा घेऊन ये, दारं एकेक करून बघू.

तुझे,
काका