कट्टर नव-नाझी खरंच बदलतो, की नुसता सदरा बदलतो?

तुमचा प्रश्न असा: अतिउजव्या टोळीत मुरलेला माणूस पुढे त्याच टोळ्यांविरुद्ध काम करायला लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

नोकरीमुळे मी काही वर्षं बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात राहिलो. घर ठरवताना ऑफिसातला एक जण म्हणाला होता, "पूर्वेकडे? एकदा नीट विचार कर." असं का म्हणाला, ते नंतर कळलं. लिश्टेनबर्ग स्टेशनाजवळ वाइटलिंगष्ट्रासे नावाचा रस्ता आहे. तिथलं 122 नंबरचं घर 1990 साली नव-नाझींनी बळकावलं होतं. त्यांचा म्होरक्या होता इंगो हासेलबाख, वय जेमतेम बावीस. माझ्यासारखा सावळा माणूस त्या वर्षी त्या फुटपाथवर पाव आणायला निघाला असता, तर घरी धड पोचला असता असं वाटत नाही.

हा मुलगा आला कुठून? पूर्व बर्लिनमधूनच. वडील कम्युनिस्ट पत्रकार. पूर्व जर्मनीचं सरकार स्वतःला फॅसिझमविरोधी म्हणवायचं. बर्लिनच्या भिंतीलाही सरकारी भाषेत 'फॅसिझमविरोधी संरक्षक तटबंदी' असं नाव होतं. हासेलबाख आधी पंक, म्हणजे बंडखोर रॉक संगीतवाल्या पोरांमध्ये उनाडायचा. 1987 मध्ये 'भिंत हटलीच पाहिजे' असं चारचौघांत ओरडला म्हणून तुरुंगात गेला आणि तिथे त्याची गाठ जुन्या, खऱ्याखुऱ्या नाझी गुन्हेगारांशी पडली. सरकारला सगळ्यात जास्त झोंबेल असा रंग कोणता, हे त्याला तिथे सापडलं. बापावरचा राग, सरकारवरचा राग आणि मग आयती मिळालेली फौज. भिंत पडल्यावर काही महिन्यांतच त्यानं 'नॅशनल अल्टरनेटिव्ह' नावाचा पक्ष काढला.

आता तो बदलला कसा, ते ऐका, कारण इथेच लोकांचा अंदाज चुकतो. वादात हरवून त्याला कुणी बदललं नाही. विनफ्रीड बॉनेंगेल नावाचा एक दिग्दर्शक त्याच्यावर माहितीपट करायला आला आणि टिकून राहिला. टोळीच्या बाहेरचा, न घाबरणारा, प्रश्न विचारणारा एक माणूस आयुष्यात असणं, एवढंच. मग 23 नोव्हेंबर 1992 ला उत्तरेकडच्या म्योल्न गावात तुर्की कुटुंबांची घरं पेटवली गेली. एक आजी, तिची दहा वर्षांची नात आणि पाहुणी आलेली चौदा वर्षांची मुलगी, तिघी गेल्या. ती आग हासेलबाखनं लावली नव्हती. पण काडी ओढणारी पोरं ज्या भाषणांवर पोसली गेली, तसली भाषणं त्यानंही ठोकली होती. 1993 मध्ये तो जाहीरपणे बाहेर पडला आणि त्याच वर्षी सगळं नावानिशी लिहून काढलं. उत्तर म्हणून त्याच्या आईच्या पत्त्यावर पुस्तकात दडवलेला बॉम्ब आला. फुटला नाही, हे नशीब.

माझी कसोटी इथली आहे. माफी मागायला काय लागतं? परतीचे दोर कापलेत का, ते बघायचं. हासेलबाखचे कापलेले होते.

2000 साली त्यानं बेर्न्ड वाग्नर यांच्यासोबत 'एक्झिट-डॉइचलांड' उभं केलं, म्हणजे अशा टोळ्यांतून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणारी संस्था. वाग्नर हे माजी पोलीस अधिकारी, या पोरांची नस ओळखणारे. पद्धत सरळ आहे: बाहेर पडायची इच्छा असलेल्यानं स्वतः संपर्क करायचा. मग सुरक्षितता, गाव बदलणं, काम शोधणं आणि आपण काय केलं याचा हिशेब मांडणं. कारण टोळी सोडणाऱ्याचे मित्र, खोली, कधीकधी बायकोही टोळीतलीच असते. नुसते विचार सोडून भागत नाही.

राहवत नाही म्हणून एक किस्सा. 2011 मध्ये गेरा शहरातल्या उजव्यांच्या संगीत मेळाव्यात एक्झिटवाल्यांनी, आपलं नाव न सांगता, 250 टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी, झेंडे, कट्टर घोषणा, पोरं खूश. घरी जाऊन धुतले तर ते चित्र गेलं आणि खालची अक्षरं वर आली: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. 2014 ला वुन्झीडल गावात तर नव-नाझींच्या मोर्चातल्या प्रत्येक मीटरमागे दहा युरो या संस्थेला द्यायचे असं गावकऱ्यांनी आणि दुकानदारांनी ठरवलं. मोर्चेकऱ्यांनी चालून चालून आपल्याच विरोधात दहा हजार युरो जमवले! वाटेत त्यांच्यासाठी केळीसुद्धा ठेवली होती.

तर हो, मी विश्वास ठेवतो. पण एक गोष्ट मला अजून खुपते. बदललेल्या नाझीला माईक लगेच मिळतो. त्याची गोष्ट चटकदार असते. म्योल्नच्या त्या आगीनंतर जर्मनीभरातून लोकांनी, शाळकरी पोरांनीसुद्धा, त्या कुटुंबांना सांत्वनाची शेकडो पत्रं लिहिली होती. ती नगरपालिकेकडे आली आणि दप्तरखान्यात पडून राहिली. ज्यांच्यासाठी लिहिली होती, त्यांना ती आहेत हे कळायला जवळपास तीस वर्षं लागली.